अपिलाची स्पर्धा घेताय? आधी खालच्या कोर्टाचा निकाल लिहा

२६ नोव्हेंबरच्या, संविधान दिनाच्या आठवड्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यात वकिलासारखा अपिलाचा युक्तिवाद करायची स्पर्धा, घेणार असाल, तर सगळ्यात आधी त्या खटल्यातल्या खालच्या न्यायालयाचा निकाल लिहून काढा. हॉल, बॅनर, पाहुणे नंतर.

मागच्या वर्षी नाशकात आम्ही ही स्पर्धा घेतली आणि माझ्यामुळे तिची वादविवाद स्पर्धा झाली. मी मुलांना फक्त काय घडलं ते लिहून दिलं होतं. अपील सर्वोच्च न्यायालयात होतं, पण खालच्या, म्हणजे उच्च न्यायालयाने काय ठरवलं आणि का, ते पान दिलंच नव्हतं. मग मुलं काय घडलं यावरच भांडत राहिली. परीक्षक वकिलांनी एका मुलीला विचारलं, "उच्च न्यायालयाचं नेमकं काय चुकलं?" ती गप्प झाली, डोळे भरून आले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. उत्तर ज्या कागदात असायला हवं, तो कागदच तिला मिळाला नव्हता.

दीड-दोन पानं पुरतात. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या घटना, निष्कर्ष आणि त्याची कारणं. परिच्छेदांना क्रमांक द्याच, म्हणजे मूल "परिच्छेद ४ मधलं कारण टिकत नाही" असं बोट ठेवून म्हणू शकेल. एखादं कारण भक्कम ठेवा, एखादं कच्चं. सगळीच कच्ची ठेवलीत तर निकालाची बाजू राखणाऱ्या मुलांच्या हाती काही उरत नाही.

अपील म्हणजे काय, हे समजावायला बिजो इमॅन्युएल खटला घ्या. केरळमधल्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला, त्यात कुणाची धर्मभावना दुखावण्यासारखं काही नाही म्हटलं आणि मुलांविरुद्ध निकाल दिला. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाहायचं होतं ते वेगळंच: ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का हा मुद्दा नाही, ती मनापासूनची आहे का हा आहे. शिवाय गायलाच हवं असा कायदाच नव्हता. मुलांना पुन्हा शाळेत घ्या, असा आदेश दिला. घटना तीच, माणसं तीच. वरच्या न्यायालयाने तपासला तो खालच्या न्यायालयाचा विचार. हे एकदा कळलं की मुलं वेगळंच बोलायला लागतात.

काल्पनिक शाळा महापालिकेची ठेवा. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. खासगी शाळा घेतलीत तर सगळा वेळ अनुच्छेद १२ मध्येच, म्हणजे शाळा 'राज्यसंस्था' आहे का या वादातच जाईल. यंदाचा आमचा विषय असा: मुख्याध्यापकांनी विद्यार्थिनीचा मोबाइल जप्त केला आणि तिचे मेसेज वाचले. त्याला अनुच्छेद २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणि २०१७ चा पुट्टस्वामी निकाल जोडलाय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं तो. कायद्याचा आधार आहे का, हेतू रास्त आहे का, उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे का, हे तीन प्रश्न मुलांना वहीत लिहायला लावा. जप्त करणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हा फरक त्यांना आपोआप सापडतो. आधाराला बिजो आणि पुट्टस्वामी हे दोनच निकाल द्या आणि बाहेरचे खटले आणायला सक्त मनाई करा, नाहीतर नुसती नावं पाठ होतात.

पहिला तास वर्गात घेऊ नका. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी घ्या. २ मार्च १९३० ला तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या हातात अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ नव्हता. तो तिथे उभं राहून मोठ्याने वाचून घ्या.

बाजू चिठ्ठी टाकून ठरवा, सराव मात्र दोन्ही बाजूंचा. प्रश्न आला की आधी "हो" किंवा "नाही", मग कारण. काळे कोट नकोत, त्यात पालकांचे पैसे जातात. मराठीत बोलू द्या. सातपूरच्या शाळेतली मुलगी मराठीत जे मांडते, ते इंग्रजीत तिच्याकडून काढून घेऊ नका.

परीक्षक म्हणून वकील बोलवायचे तर रविवार धरा. इतर दिवशी ते कोर्टात अडकलेले असतात. खालचा निकाल त्यांनाही आठवडाभर आधी पाठवा. हो, त्यांनाही. मागच्या वेळी त्यांच्याकडेही नव्हता.

माइक, घड्याळ, पाणी, प्रमाणपत्रं: माहीत आहे तुम्हाला. प्रत्येकी सात मिनिटं, प्रश्नोत्तरं धरून.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक शाळेला फोन लावा, शिक्षकांना नको, एखाद्या मुलाला द्यायला सांगा आणि विचारा, "खालच्या न्यायालयाचं काय चुकलं?" एका वाक्यात उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर ते पान त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. रात्रीच पुन्हा पाठवा.