वायफायवर कोण बसलंय ते शोधायचं कसं (फुकट्यांनी पण वाचा)

सुरुवात कबुलीने करतो. दोनेक वर्षं मी शेजारच्या कुणाच्यातरी उघड्या वायफायवर होतो. फोनने नाव दाखवलं, पासवर्ड मागितला नाही, बोट लावलं, लागलं. चोरी वगैरे डोक्यात पण आलं नाही, हवेतच आहे तर घेतलं असं काहीतरी वाटायचं. मग स्वतःचं कनेक्शन घेतलं, सेटअप करताना पासवर्ड नंतर टाकू म्हणून नेटवर्क ओपन ठेवलं आणि ते "नंतर" काही आलंच नाही. तीन महिन्यांनी रात्री व्हिडिओ गोल गोल फिरायला लागला तेव्हा माझा संशय एकदम बरोबर जागी गेला, कारण असा माणूस कसा असतो ते मला आतून माहिती होतं.

आता आधी हे सांगतो की स्पीड गेला म्हणजे कुणीतरी बसलंय असं नसतं. दहातल्या कितीतरी वेळा आपलाच लॅपटॉप गुपचूप अपडेट उतरवत असतो किंवा फोन हजार फोटोंचा बॅकअप चढवत असतो. म्हणून शेजाऱ्याकडे वाकडं बघण्याआधी राऊटरच्या आत जाऊन बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आत जायला राऊटरचा पत्ता लागतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कच्या नावावर टॅप केलं की "गेटवे" किंवा "राऊटर" असं लिहिलेलं सापडतं, विंडोजवर असाल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करा आणि "डिफॉल्ट गेटवे"ची ओळ बघा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.०.१ नाहीतर १९२.१६८.१.१ असतो. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला की लॉगिनचं पान येतं, नाव-पासवर्ड राऊटरच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. तिथे ॲडमिन आणि ॲडमिन असलं आणि ते चाललं, तर पुढचं सगळं सोडा आणि आधी ते बदला. कारण तुमच्या वायफायवर बसलेला कोणीही हेच पान उघडू शकतो, आणि हा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा आहे, हा घराच्या मालकीचा पासवर्ड आहे समजा. तो गेला की समोरचा तुम्हालाच बाहेर काढून कडी लावू शकतो.

आत गेलात की "कनेक्टेड डिव्हाइसेस" किंवा "डीएचसीपी क्लायंट लिस्ट" शोधा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. डीएचसीपीवाली यादी असेल तर एक लक्षात ठेवा, तिच्यात येऊन गेलेले पण काही काळ दिसत राहतात, कारण राऊटर प्रत्येकाला ठरावीक तासांसाठी नंबर देतो आणि मुदत संपेपर्यंत नाव काढत नाही.

माझ्या यादीत अकरा निघाले. मी मनात धरलेले सहा. पोटात गोळाच आला. मग कागद घेतला आणि एकेक उपकरण बंद करून यादी रिफ्रेश करत बसलो, कंटाळवाणं आहे पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. प्रिंटर बंद, एक नाव गेलं. टीव्ही बंद, अजून एक गेलं. "एस्प्रेसिफ" नावाचं काहीतरी होतं, मला वाटलं सापडला चोर, तर तो निघाला हॉलमधला बल्ब. स्मार्ट बल्ब-प्लगवाले बऱ्याचदा आतल्या चिपच्या कंपनीचं नाव दाखवतात, बल्बच्या ब्रँडचं नाही. एक टॅबलेट तर कपाटात चार्जरला लावून विसरलेला. असं करत करत दहा माझेच निघाले!

अकरावा मात्र जाईना. आता इथे एक फसवं वळण आहे. प्रत्येक उपकरणाला एक मॅक ॲड्रेस असतो, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख नंबर, सहा जोड्यांचा, आकडे आणि ए ते एफ अक्षरं. पूर्वी त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळायची. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक देतात, प्रायव्हसीसाठी, त्यामुळे तुमचाच फोन अनोळखी दिसू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे, पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनवलेला आहे. मग आपल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये या नेटवर्कसाठी कोणता मॅक दाखवतोय ते बघून जुळवा. मी घरातले सगळे फोन जुळवले. अकरावा कुणाचाच नव्हता आणि रात्री अकराला तो धो धो डाउनलोड करत होता.

आता काढायचं कसं. राऊटरमध्ये "ब्लॉक"चं बटण असतं, मोह होतो, पण वर सांगितलं तसं मॅक बदलता येतो, त्यामुळे तो उद्या नव्या नावाने परत येतो. नेटवर्कचं नाव लपवणं हा असाच एक जुना सल्ला, त्याने काही होत नाही, जोडलेली उपकरणं ते नाव हवेत बोलतच असतात. नेटवर्कला "चोरांनो लाज बाळगा" असं नाव देणारे पण बघितलेत. मजा येते, उपयोग शून्य.

खरं काम सिक्युरिटीच्या पानावर आहे. वायफायला कोणतं कुलूप लावायचं ते तिथे निवडायचं. डब्ल्यूपीए३ असेल तर ते, जुनी उपकरणं अडत असतील तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चं मिश्रण, तेही नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर ते निवडू नका, ते २००१ मध्येच फोडलं गेलंय आणि आज तो फक्त दाराला लावलेला पडदा आहे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, आठवर थांबू नका, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. मोबाईल नंबर तर अजिबात नको, तो अर्ध्या बिल्डिंगकडे असतो. आणि डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडायची ती सोय. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटतात ना, पण राऊटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, म्हणजे पहिल्या चारचे १०,००० आणि पुढच्या तीनचे १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत काम होतं. हे २०११ मध्येच जगजाहीर झालंय.

राऊटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून राऊटर चालवायची सोय, बंद ठेवा. एवढं केलं की सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि प्रत्येकाला परत पासवर्ड द्यावा लागतो, बल्बवाल्यांनो तुमच्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवा.

एक करू नका. तो माणूस काय बघतोय ते पकडायचं सॉफ्टवेअर लावून बसू नका. तुमचं नेटवर्क आहे म्हणून त्याचं खाजगी वाचायचा हक्क मिळत नाही.

आता पलीकडच्या बाजूने, म्हणजे मी जिथे दोन वर्षं होतो तिथून. पासवर्ड नाही म्हणजे परवानगी आहे असं कायदा सगळीकडे मानत नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एकाला याच गोष्टीसाठी ५०० पौंड दंड झाला, २००७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कॅफेबाहेर गाडीत बसून त्यांचं वायफाय वापरणाऱ्याला ४०० डॉलर दंड आणि ४० तास समाजसेवा. गंमत म्हणजे २००२ मध्ये लंडनमध्ये उघडी नेटवर्क दाखवायला भिंतीवर खडूने खुणा करायची टूम निघाली होती, दोन अर्धगोल पाठीला पाठ लावून म्हणजे उघडं, पूर्ण गोल म्हणजे बंद.

कायदा सोडा, स्वतःचं बघा. साध्या ओपन नेटवर्कवर हवेतून जाणारं काहीच वायफाय स्वतः कुलूपबंद करत नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आलं, त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं लॉगिन एका क्लिकवर उचलता यायचं, कुणीही, हॅकर असायची गरज नाही. आज बहुतेक साईट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर स्वतःच कुलूपबंद करून पाठवतात, म्हणून ते इतकं सोपं राहिलं नाही, तरी तुम्ही कोणत्या साईटवर जाता ते मालकाला बऱ्यापैकी दिसू शकतं. शिवाय फोन त्या नावाला लक्षात ठेवतो, आणि उद्या कुणी दुसरीकडे त्याच नावाचं नेटवर्क उभं केलं की आपणहून जाऊन चिकटतो. म्हणून असलं कधी जोडलं असेल तर "फर्गेट नेटवर्क" करा, आणि ऑटो-कनेक्ट बंद.

आणि मालकाचं काय जातं? डेटा जातो तो जाऊ दे, पण बाहेरच्या जगाला जो आयपी ॲड्रेस, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो तो मालकाचा. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी पोचले ते त्या घरात राहणाऱ्याकडे.

वाटून वापरायचं असेल तर गेस्ट नेटवर्क चालू करा. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि पाहुण्याला तुमचा प्रिंटर-लॅपटॉप दिसत नाही. स्पीडला मर्यादा घालायची सोय पण बऱ्याच राऊटरमध्ये असते.

माझ्या अकराव्याचं सांगायचं राहिलं. पासवर्ड टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात एक शेजारी भेटले, म्हणाले, "काय हो, तुमच्याकडे नेट चालतंय का? आमचं कालपासून बंदच आहे." मी म्हटलं, "काका, चालतंय की." दोघं जरा वेळ पायऱ्यांकडे बघत उभे राहिलो. संध्याकाळी गेस्टचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यांना दिला, तर चष्मा वर करून म्हणतात, "एवढा मोठा कशाला ठेवलाय?"