सोलापूरच्या ग्रुपचं गुड मॉर्निंग होऊ द्यायचं नसेल तर

सोलापूरच्या नावाचे व्हॉट्सॲप ग्रुप काय कमी नाहीत, शाळेचा आहे, गल्लीचा आहे, मंडळाचा आहे, पुण्याला नोकरीला गेलेल्यांचा तर आहेच. पण बहुतेकांत सकाळी फुलं, दुपारी गुडघेदुखीवरचा उपाय आणि रात्री राजकारण. मधेच कधीतरी एखादे अण्णा जुन्या मिलबद्दल चार ओळी टाकून जातात, कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत अशा, आणि तासाभरात त्या फॉरवर्डखाली गाडल्या जातात. माझ्या मते ग्रुप चालवायचा तो असल्या चार ओळींसाठीच, बाकी सगळं लोकांना दुसरीकडं मिळतंच की.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्न विचारता यायला पाहिजे. "जुन्या सोलापूरच्या आठवणी सांगा" असं टाकलं की नुसते अंगठे येतात. त्याऐवजी "मिलचा भोंगा झाला की तुमच्या घरात काय गडबड व्हायची" असं विचारा, मग बघा. कुणी डब्याबद्दल लिहील, कुणी भोंग्यावर घड्याळ लावायचो म्हणेल, कुणी मिल बंद पडल्यावर वडील काय करत होते ते पहिल्यांदाच सांगेल. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली हे कुठंही वाचायला मिळतं, पण पाळी सुटल्यावर कुठल्या हॉटेलात उधारी चालायची हे फक्त माणसांकडं आहे. पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या लोकांना पण "चादर उद्योगाचं महत्त्व" वगैरे विचारू नका, तो शाळेतला निबंध झाला. घरात माग होता का, खटखटीत अभ्यास कसा व्हायचा, आई बिड्या वळायची का, पानं कुठनं आणायची, असं विचारा. आठवड्याला एकच प्रश्न पुरे, रोज विचारलं तर लोकं कंटाळतात.

दुसरं, भाषेवरनं कुणाला टोकायचं नाही. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच एका गल्लीत चालतं, आणि बरीच मंडळी ग्रुपवर लिहीतच नाहीत कारण कुणीतरी मास्तर उठून ऱ्हस्व-दीर्घ काढणार ही भीती. बोलतात तसं लिहू द्या बे. अक्कांना टाईप करता येत नसेल तर व्हॉइस नोट टाकायला सांगा, तेलुगूत बोलल्या तरी चालेल, फक्त खाली कुणीतरी दोन ओळीत मराठीत सार लिहायचं. हे सार लिहायचं काम कंटाळवाणं आहे पण ते केलंच पाहिजे, कारण सर्च मारला तर आवाजातलं काही सापडत नाही, सापडतं ते लिहिलेलंच.

आता भांडणं. भांडणं होणारच आणि सगळीच वाईट नसतात. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचंच घ्या, एक काका म्हणणार आमच्या वेळी पाळणे या बाजूला लागायचे, दुसरे म्हणणार छे, त्या बाजूला. दोन्ही राहू द्या, पुढं आपापलं साल आणि पेठ लिहायला सांगा, जत्रा दरवर्षी तशीच लागायची असं थोडंच आहे. मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, कुठनं बघितले, सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतेला संमती कट्ट्याजवळ उभं राहायला जागा कशी मिळवली, यात प्रत्येकाचं वेगळं असणार आणि मजा तीच आहे.

पण जानेवारीतच हुतात्म्यांचे पण मेसेज फिरतात, तिथं हे चालणार नाही. १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेली फाशी, हे आठवणीवर सोडायचं नाही. साल चुकलं किंवा फोटो भलत्याचाच असला तर अॅडमिनने तिथंच दुरुस्ती टाकायची, टाकणाऱ्याचा पाणउतारा न करता. आणि या चौघांची नावं एकत्र का घेतात ते नव्या पोरांना समजावून सांगायला पण हीच वेळ चांगली. निवडणुकीच्या दिवसात मात्र मी तर सरळ "फक्त अॅडमिन" करून टाकेन, कुणी काही म्हणो.

राहिलं जपून ठेवायचं. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स २०२० ला, त्यावरच्या गप्पांचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. म्हणून दर महिन्याला चॅट एक्सपोर्ट करायचं, साधी टेक्स्ट फाईल मिळते. पण त्यात एक गोची आहे, कुणी कुठल्या मेसेजला रिप्लाय दिलाय ते त्या फाईलमध्ये दिसत नाही, नुसतं "हो हो तेच" असं दिसतं आणि तेच म्हणजे काय ते देवाला माहीत. त्यामुळं सगळ्यांना सवय लावा, उत्तराच्या सुरुवातीला विषय लिहायचा, "जुनी मिल:" किंवा "कंबर तलाव:" एवढं पुरे. जुने फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर व्हॉट्सॲप त्यांची पार क्वालिटी घालवतं, आणि फोटोत कोण आहे, कुठं, साधारण कधी, हे सोबतच लिहून घ्यायचं, नंतर विचारू म्हणलं की राहतंच.

फाईल बाहेर कुणाला द्यायच्या आधी त्यातले फोन नंबर काढा, आणि ज्यांनी घरातलं काही सांगितलंय त्यांना एकेकट्याला विचारा. नको म्हणाले तर तेवढ्या ओळी उडवा, कारण विचारत बसू नका. मग एक कॉपी दोघा-तिघांकडं पेन ड्राईव्हवर आणि एक प्रिंट काढून जवळच्या वाचनालयात, घेतात का विचारून.