पार्ट बनवायला टाकताना ड्रॉइंगवर काय लिहावं

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) जॉब करून देणारे भरपूर आहेत. पण झिजलेला शाफ्ट त्यांच्या हातात ठेवून 'अगदी असाच करून द्या' म्हणू नका. ते झिजलेलंच माप घेतील आणि नव्या शाफ्टवरही बेअरिंग सैलच बसेल.

ड्रॉइंग हाताने काढलेलं चालतं, मापं मात्र लिहिलेली हवीत. जिथे काही घट्ट किंवा सरकतं बसणार आहे, तिथेच बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) द्या. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचा बोअर (आतल्या भोकाचा व्यास) २५ मिमी असतो. शाफ्टबरोबर आतली रिंग फिरणार असेल तर त्या जागेवर साधारणपणे '२५ के६' लिहितात, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ मिमी. बाकी लांबी, चँफर (कडेचा तिरका काप) वगैरेंना 'जनरल टॉलरन्स आयएसओ २७६८-एम' (मध्यम टॉलरन्सचं आंतरराष्ट्रीय मानक) एवढी ओळ पुरते. सगळीकडेच मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) मागितले की ग्राइंडिंग वाढतं, रेटही चढतो. मग घासाघीस करून काय उपयोग?

मटेरियलच्या रकान्यात नुसतं 'लोखंड' नको. ईएन८ की ईएन२४ (स्टीलचे ग्रेड), ते स्पष्ट लिहा आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. प्लेटिंग (धातूचा मुलामा) असेल तर माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं, हेही नमूद करा. यावरूनच बहुतेक भांडणं होतात.

नग ५० लागत असले तरी आधी एकच काढून घ्या. तो मशीनवर बसवून बघा, मगच बाकीचे लावायला सांगा. फोनवर बदल ठरला तर ड्रॉइंगवर तारीख टाकून दुरुस्त करा, नवी प्रत पाठवा आणि शॉपमधली जुनी फाडायला लावा.