मोरचूदातलं सल्फेट नेमकं कुठं बसलंय ते कसं बघायचं

सोलापुरात डाळिंबवाले बोर्डोसाठी (बुरशीवरची फवारणी) जे मोरचूद, म्हंजे कॉपर सल्फेट, नेतात, तेच कृषी दुकानातून पावशेर आणा. एमएस्सीच्या पोरांना मी सल्फेट लिगँड (धातूला जोडला जाणारा गट) इथूनच सुरू करा म्हणतो.

काचेच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवा (अ‍ॅल्युमिनियमचं नको, त्याच्यावर तांबंच चढतं), गाळा, गार होऊ द्या, मग तळाचा एक नीट खडा बारीक नायलॉन दोऱ्याला बांधून परत गाळलेल्या द्रावात सोडा आणि वर भोकं पाडलेला कागद. एप्रिल-मेमध्ये नादी लागू नका, आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, पाणी भराभरा उडतं आणि नुसता चुरा जमतो. हातमोजे घाला, पोटात गेलं तर विष आहे, स्वयंपाकाची भांडी तर अजिबात नको.

आता आत काय आहे ते. बीव्हर्स आणि लिप्सननं १९३४ मध्येच एक्स-रेनं याचं स्ट्रक्चर काढलंय. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर चाल्कॅन्थाइट हे खनिजाचं नाव टाका, सीआयएफ फाईल (स्फटिकातल्या अणूंच्या जागा लिहिलेली) फुकट मिळते, ती मर्क्युरी या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पहिल्यांदा अर्धवटच दिसेल, पॅकिंगवर (शेजारचे अणूही दाखवणारा पर्याय) टिक केली की मग तांबं-सल्फेटची साखळी दिसते. सॉफ्टवेअरनं बंध म्हणून काढलेल्या काड्यांवर विसंबू नका, तांबं ते ऑक्सिजन अंतर स्वतः मोजा: चौकोनात चार पाणी २ अँगस्ट्रॉमच्या जरा आत, आणि वर-खाली दोन सल्फेटचे ऑक्सिजन २.४ च्या आसपास, हा यान-टेलरचा लांबट प्रकार (तांब्याभोवतीचे सहा बंध सारखे न राहता दोन लांबतात). म्हंजे एक सल्फेट दोन तांब्यांना जोडतंय, आणि पाचवं पाणी तांब्याला लागलेलंच नाही, हायड्रोजन बाँडवर लटकलंय! CuSO₄·5H₂O या फॉर्म्युल्यात यातलं काय दिसतं सांगा.

लगेच हिराकसची (फेरस सल्फेट) म्हणजे मेलँटेराइटची फाईल उघडा. तिथं लोखंडाभोवती सहाही पाणीच, सल्फेट बाहेर मोकळं.

खरी गंमत किलेटची, एकाच सल्फेटचे दोन ऑक्सिजन एकाच धातूला. असं सल्फेट असलेल्या दुसऱ्या संयुगाच्या फाईलमध्ये ऑक्सिजन-धातू-ऑक्सिजन अँगल मोजा, ९० सोडून ७० च्या आसपास आलेला दिसेल, चार अणूंची रिंग आहे ना, ताण येणारच. फक्त आधी सल्फर-ऑक्सिजन अंतर बघून घ्या, साधारण १.४७ अँगस्ट्रॉम असतं. १.४ च्या खाली आलं आणि ऑक्सिजनचे एलिप्सॉइड (अणू किती हलतो ते दाखवणारे अंडाकार) भोपळ्यासारखे फुगलेले असले तर सल्फेट डिसऑर्डर्ड, म्हंजे एका ठरलेल्या जागी नसलेलं, असण्याची शक्यता जास्त, त्या फाईलचे अँगल धरू नका, दुसरी एंट्री शोधा.