दिल्लीकडं थंडीत कामाला जाताय? बॅग भरायच्या आधी एकदा ब्लेझर काढून बघा

जानेवारीत दिल्ली, गुरुग्राम, मानेसर, लुधियाना अशा ठिकाणी कंपनीच्या कामाला जायचं निघालं की आपल्या नाशिकच्या माणसाला वाटतं, थंडी काय आपल्याला नवीन आहे का. नवीन नाहीचे. निफाडचा पारा ५ च्या खाली उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे उठून पाणी सोडतात, हे सगळं आपण लहानपणापासून बघतोय. पण आपली थंडी सकाळची असते हो. अकरा वाजले की ऊन चटका द्यायला लागतं आणि स्वेटर गाडीच्या डिक्कीत जातो. तिकडं डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुकं बसलं की दिवस चढतच नाही, दुपारी दोनलासुद्धा १४-१५ डिग्री, कधी त्याहून कमी. हवामान खातं त्याला कोल्ड डे म्हणतं, म्हणजे दिवसाचं कमाल तापमानच नेहमीपेक्षा साडेचार डिग्री किंवा जास्त खाली. त्यामुळं सकाळपुरता एक जाड स्वेटर नेला की झालं, हा आपला हिशोब तिकडं चालत नाही.

मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, कस्टमरच्या प्लांटला वर्षातून दोनतीनदा जाणं होतं आणि त्यातली एक ट्रिप हमखास जानेवारीत येते. पहिल्यांदा गेले तेव्हा घरातला सगळ्यात जाड स्वेटर घातला, त्यावर ब्लेझर, बटण लागेना म्हणून उघडाच ठेवला. कॉन्फरन्स रूममध्ये हीटर फुल. दहा मिनिटांत घाम फुटला, ब्लेझर काढावा तर खाली कोपरापाशी गोळे आलेला जुना स्वेटर, तो काढावा तर आत नुसता इनर. प्रेझेंटेशन माझंच होतं, तीन तास तशीच घामाघूम बसून राहिले. आणि तिथून लगेच शॉप फ्लोअरला नेलं, ट्रक लागलेला म्हणून शटर सताड उघडं, पाठीला चिकटलेला ओला कॉटनचा इनर असा गार पडला की हॉटेलवर जाईपर्यंत दातावर दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी ऑडिट तापातच केलं.

तेव्हापासून मी बॅग भरताना आधी विचार करते की अंगावरचं एकेक काढत गेलं तर खाली काय दिसेल. तिकडं दिवसभरात चार वेगवेगळ्या थंड्या भेटतात, पहाटेचा प्लॅटफॉर्म किंवा कॅबची वाट बघणं, मग हीटरवाली मीटिंग रूम, मग उघडी फॅक्टरी, आणि रात्री हॉटेलची रूम जिथं फरशी बर्फासारखी असते आणि ब्लोअर मागून घ्यावा लागतो. एकच जाड कपडा या चारही ठिकाणी उपयोगाचा नाही. पातळ पातळ तीन-चार थर हवेत, आणि प्रत्येक थर असा हवा की वरचा काढला तरी तुम्ही मीटिंगला बसू शकाल. पातळ थरांचं अजून एक म्हणजे दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकते तीच खरी ऊब देते, म्हणून कपडे अंगाला घट्ट आवळून घातले तर उलट जास्त गार लागतं.

सगळ्यात आतून सुरू करू. थर्मल घ्या पण कॉटनचं घेऊ नका, कॉटन घाम पिऊन बसतं आणि वाळत नाही, माझं जे झालं ते त्यानंच. पातळ मेरिनो लोकरीचं परवडत असेल तर फार चांगलं, लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषते तरी अंगाला ओली लागत नाही, शिवाय दोन दिवस घातलं तरी वास मारत नाही म्हणजे एक जोडी कमी न्यावी लागते. नाहीतर पॉलिस्टर-व्हिस्कोसचं पातळ थर्मल मिळतं तेही चालतं. घेताना गळा बघा, शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं तर आतला गोल गळा डोकावतो आणि सगळं बिघडतं, म्हणून व्ही गळा किंवा खोल गळा. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं थर्मल उठून दिसतं, अंगाच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी घ्या. बाही मनगटापर्यंत असेल तर कफमधून बाहेर येते, पाऊण बाहीचं मिळालं तर बघा.

त्यावर शर्ट किंवा कुर्ता, म्हणजे जो थर शेवटी दिसणार तो. हा कडक इस्त्रीचाच पाहिजे, थंडी आहे, आत दडलाय, कोण बघतंय असं करू नका, हीटरच्या खोलीत हाच दिसतो.

मग स्वेटर. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गडबड इथंच होते. आपण स्वेटर जाडीवरून घेतो, हातात वजनदार लागला की गरम असेल असं वाटतं. बहुतेक वेळा ते ॲक्रिलिक असतं. ॲक्रिलिक वाईट नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, पण त्याला गोळे लवकर येतात आणि आत घाम कोंडतो. ब्लेझरच्या आत घालायला पातळ विणीचा लोकरीचा स्वेटर हवा, बोटाच्या चिमटीत धरला तर दोन पदर मिळून शर्टाच्या कॉलरएवढे जाड लागले पाहिजेत, त्याहून जाड असेल तर ब्लेझर खांद्यात ओढणार. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला गेलात तर घाई करू नका, आतल्या शिवणीतलं लेबल उलटं करून वाचा, वूल किती टक्के आणि ॲक्रिलिक किती. लेबल नसेल किंवा घरातलाच जुना स्वेटर असेल तर आतल्या बाजूचा एखादा सुटा धागा कापून चिमट्यात धरा आणि काडी लावा, सिंकवर, खाली पाणी ठेवून. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि मागे राख राहते ती बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, काळा कडक मणी होतो. एकदा करून बघितलं की लेबलवर अवलंबून राहावं लागत नाही.

पुरुषांना बिनबाह्यांचा व्ही गळ्याचा स्वेटर सगळ्यात सोयीचा, ब्लेझरच्या बाह्यांत गर्दी होत नाही आणि ब्लेझर काढला तरी टायवर नीटनेटका दिसतो. आमच्या पर्चेसचे एक काका ब्लेझर घालतच नाहीत, लोकरी बंडी घालतात, फुल शर्टावर, आणि इतके रुबाबदार दिसतात की तिकडची लोकं कापड हातात धरून विचारतात. बायकांसाठी पुढून बटणांचा कार्डिगन बरा, डोक्यातून काढायची वेळ आली की केस विस्कटतात आणि कानातलं अडकतं.

जुन्या स्वेटरला गोळे आले असतील तर टाकून देऊ नका. टेबलावर सपाट पसरा, एका हातानं ताणून धरा आणि नवं साधं दाढीचं रेझर हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा, दाबायचं नाही, पाच मिनिटांत स्वेटर नव्यासारखा. सगळे गरम कपडे ट्रंकेतून निघाले की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि बंद मीटिंग रूममध्ये तो शेजारच्याला आधी जातो, म्हणून जायच्या चार दिवस आधीच बाहेर काढून गच्चीवर वाऱ्याला टाका. आदल्या रात्री सेंट मारून तो वास झाकत नाही, दोन्ही मिळून अजून वाईट होतं.

ब्लेझर आणि पॅंट टेरीवूलचे, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेल्या कापडाचे, असले तर उत्तम, शुद्ध लोकरीपेक्षा स्वस्त पडतात आणि क्रीज टिकते. टेलरकडं शिवायला टाकणार असाल तर दिवाळीच्या आसपासच टाका, नंतर लग्नसराईत कुठलाही टेलर वेळेवर देत नाही. आणि माप द्यायला जाताना तो पातळ स्वेटर अंगावर घालून जा. एवढं सांगितलंत तरी छातीत अर्धा इंच जादा ठेवतात.

आता ट्रायल. ही चुकवू नका. जायच्या आठवड्यात एका पहाटे साडेपाचला सगळं अंगावर चढवा, थर्मल, शर्ट, स्वेटर, ब्लेझर, मोजे, बूट, आणि गच्चीवर वीस मिनिटं उभं राहा. गंगापूर रोडला किंवा नदीच्या कडेला राहात असाल तर अजून बरं, तिकडं गारवा जास्त असतो. दोन्ही हात समोर ताणा, लॅपटॉप धरल्यासारखे, पाठीत कुठं ओढतंय का, बटण लावून खाली बसा, मनगट किती उघडं पडतंय ते बघा. मग घरात येऊन एकेक काढत आरशासमोर जा. ज्या थराशी तुम्हाला वाटेल की असं मी साहेबांसमोर जाणार नाही, तो थर बदला. एवढं सगळं घालून नाशिकच्या पहाटे जरा गरम होत असेल तर दिल्लीच्या दुपारचं तुमचं भागलं, तिथल्या पहाटेसाठी वर एक जॅकेट लागेल. ते जॅकेट मांडीपर्यंत लांब हवं, ब्लेझर खालून बाहेर लोंबताना दिसला की चांगला ब्लेझरही गबाळा वाटतो.

साडी नेसणार असाल तर थंडीत सिल्क. सिल्क पातळ असून ऊब धरतं, कॉटन आणि जॉर्जेटमध्ये गारठायला होतं. परकराच्या आत थर्मल लेगिंग, आणि फुल बाह्यांचा बंद गळ्याचा लोकरी ब्लाऊज, मुख्य म्हणजे वेगळी शाल सांभाळत बसावं लागत नाही. फॅक्टरीत मात्र साडी-ओढणी नकोच, तिथं पॅंट-शर्ट नाहीतर आखूड लोकरी कुर्ता.

पाय. पाय गार पडले की वर कितीही घाला, उपयोग शून्य. बरेच जण दोन-दोन मोजे घालतात आणि बूट घट्ट होतो, मग रक्त नीट फिरत नाही, हवेला जागा राहत नाही आणि बोटं अजून गार. एकच लोकरीचा मोजा आणि बुटात बोटं हलायला जागा. पातळ लेदर सोलमधून फरशीचा गारवा वर चढतो, रबर सोलचे फॉर्मल बूट मिळतात ते घ्या किंवा आत लोकरीचं इनसोल टाका. मोजे काळे किंवा गडद निळे, पिंडरीपर्यंतचे, पायावर पाय टाकून बसलं की मध्ये कातडी दिसू नये.

तीन रात्री चार दिवसांसाठी माझा हिशोब सांगते. थर्मलचे वरचे दोन, खालचे दोन, शर्ट किंवा कुर्ते चार, पातळ स्वेटर एक, कार्डिगन एक, पॅंट दोन, ब्लेझर एक, जॅकेट एक, मोजे चार जोड, मफलर, कानटोपी, हातमोजे. रंग दोनच धरा, निळा आणि राखाडी किंवा मरून आणि राखाडी, म्हणजे काहीही कशावरही जातं. काळ्यावर लोकरीचा प्रत्येक तंतू दिसतो, काळा नेणारच असाल तर सेलोटेपचं रीळ टाका, हाताला उलटं गुंडाळून कपड्यावर थापटलं की सगळं निघतं.

जाड ते अंगावर, पातळ ते बॅगेत. ओझरहून विमानानं जाणार असाल तर चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो मिळतं, आणि जॅकेट-बूट अंगावर असले की त्यात सहज बसतं. ब्लेझर उलटा करून एक खांदा दुसऱ्या खांद्यात घुसवायचा, मध्ये एक स्वेटर ठेवून दुमडायचा, चुणी पडत नाही. स्वेटर गुंडाळून कडेला, शर्ट सगळ्यात वर सपाट. नाशिकरोडवरून मंगला, राजधानी नाहीतर पंजाब मेलनं जाणार असाल तर एक गोष्ट नक्की करा, मफलर, टोपी, एक थर्मल आणि मीटिंगचा एक पूर्ण जोड छोट्या पिशवीत हाताशी ठेवा. धुक्यात गाडी चार-सहा तास लेट होणं तिकडं नेहमीचं आहे, उतरल्या उतरल्या थेट प्लांटला जावं लागतं, आणि तेव्हा सीटखालची मोठी बॅग ओढून त्यातून मोजे शोधत बसायला वेळ नसतो.

हॉटेलवर पोचल्यावर आधी कपडे हॅंगरला. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून घ्या आणि ब्लेझर आत टांगा, पंधरा मिनिटांत वाफेनं लोकरीच्या चुण्या सुटतात, मग बाहेर काढून वाळू द्या, ओलसर घालू नका. रोज रात्री स्वेटर खुर्चीच्या पाठीवर मोकळा टाका, बॅगेत कोंबू नका. हीटर-ब्लोअरनं खोलीतली हवा कोरडी होते त्यामुळं सिंथेटिक अस्तर अंगाला चिकटतं आणि चटचट ठिणग्या उडतात, आतून हात-पायांना थोडं मॉइश्चरायझर लावलं की कमी होतं. ओठ आणि टाचांसाठी मी कोकमतेलाचा गोळा नेते, आईनं लावलेली सवय आहे, रात्री कोमट करून टाचेत भरायचं आणि मोजा चढवायचा.

येताना उलटं करा. वर शर्ट, जॅकेट हातावर, कारण नाशिकरोडला दुपारी उतरलात तर अंगावरच्या तीन थरांचा जीव नको होतो. घरी आल्यावर स्वेटर लगेच धुवायची गरज नसते, दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा. डाग असेल तर गार पाण्यात लोकरीच्या लिक्विडनं धुवा, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील.

पुढच्या वेळेला मी २० तारखेला निघतेय. ब्लेझर आजच गच्चीवर टाकलाय.