नागपुरात पीआरमध्ये करिअर करायचंय? मग हे वाचा

जनसंपर्काचं काम शिकायला मुलं-मुली येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पत्रकारांचे नंबर कुठे मिळतील? नंबर कुठेही मिळतात. रात्री साडेनऊला पान लावण्याच्या घाईत असलेला सिटी डेस्कवरचा, म्हणजे शहराच्या बातम्या बघणारा माणूस तुमचं नाव स्क्रीनवर बघून फोन उचलेल का, हा खरा प्रश्न आहे. मी आधी रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी होते. आता बुटीबोरी-हिंगण्यातल्या काही कारखान्यांचं आणि दोन-तीन शिक्षणसंस्थांचं काम स्वतंत्रपणे बघते. खालचं सगळं नागपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

सुरुवात वाचण्यापासून करा. रोज सकाळी, छापील. आपलं शहर तीन भाषांत बातम्या वाचतं. 'लोकमत', 'तरुण भारत', 'सकाळ', 'लोकसत्ता' एकीकडे, 'नवभारत', 'लोकमत समाचार', 'दैनिक भास्कर' दुसरीकडे, आणि १९११ पासून चालत आलेला 'हितवाद' इंग्रजीत. कोणाच्या नावाने कोणती बातमी येते, महापालिका कोण बघतं, आरोग्य कोणाकडे, एमआयडीसी कोणाकडे, हे वहीत लिहून ठेवा. बीट, म्हणजे बातमीदाराकडे दिलेला विषय, बदलली की वहीत बदला. शिक्षण बघणाऱ्याला कारखान्याची प्रेसनोट पाठवणारा पीआरओ त्याच्या बातम्या वाचत नाही, हे त्याला लगेच कळतं.

ओळख वाढते ती आपल्याला काही नको असताना. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की आरोग्य बीटवाल्यांना उष्माघातावर बोलणारा डॉक्टर हवाच असतो. आपल्याकडे त्या दिवशी कोणी मोकळं नसेल तर "बघते, सांगते" म्हणून दिवस घालवू नका. "आमचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, तुम्ही मेडिकलला किंवा मेयोला विचारा, त्या सरकारी रुग्णालयांत जास्त रुग्ण येतात," असं सरळ सांगा. आपल्या रुग्णालयाचं नाव छापून येणार नाही आणि व्यवस्थापन थोडं नाराज होईल. पण त्या बातमीदाराची बातमी वेळेत जाईल आणि पुढच्या वेळी तो आधी तुम्हालाच विचारेल. माझी अर्धी माणसं मी अशीच जोडली आहेत.

प्रेसनोटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या मुलांची गाडी इथेच अडते. शिबिराची नोट साधारण अशी येते: "रुग्णसेवेत सदैव अग्रेसर असलेल्या आमच्या सुप्रसिद्ध रुग्णालयाच्या वतीने मान्यवरांच्या उपस्थितीत भव्य शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे." उपसंपादक हे वाक्य खोडणारच, मग आपणच का लिहायचं? असं लिहा: "रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत रामदासपेठेत मोफत मधुमेह तपासणी. रक्त तपासणीसाठी उपाशीपोटी यावे." वाचकाच्या कामाचं ते सगळं आलं. खाली डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि पद, आणि खरोखर उचलला जाईल असा नंबर. हिंदी आणि इंग्रजी नोट वेगळी लिहा, मराठीवरून ओढूनताणून उतरवू नका. एका नोटमध्ये पदनाम चुकलं की पुढच्या प्रत्येक नोटवर डेस्क फोन करून खातरजमा करतो.

वेळ सांभाळा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सगळे रिपोर्टर विधानभवनात आणि मोर्चांच्या मागे असतात. त्या दिवसांत पत्रकार परिषद ठेवण्याचा हट्ट साहेबांनी धरला तर नाही म्हणा, कारण सांगा आणि पुढची तारीख सुचवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासही तेच. परिषद सकाळी ठेवा, वेळेवर सुरू करा, बोलणारे दोनच ठेवा.

आणि पत्रकाराला पैशाचं पाकीट द्यायचं नाही, कोणी सुचवलं तरी. चहा-नाश्ता द्या, आग्रहाने द्या, नागपूरकर त्याशिवाय जाऊ देत नाहीत. पण जाहिरात हवी असेल तर ती जाहिरात विभागातून, दर देऊन. विकत घेतलेली बातमी अडचणीच्या दिवशी कामाला येत नाही, आणि प्रामाणिक बातमीदार तुम्हाला कायमचा टाळतो.

अडचणीचा दिवस येतोच. बुटीबोरीतल्या एका कारखान्यात रात्री आग लागली तेव्हा मॅनेजरचा पहिला निरोप होता, "गेट बंद करा आणि सांगा, किरकोळ आहे, कोणी जखमी नाही." दोन कामगारांना दवाखान्यात नेलंय, हे तोवर मला शिफ्टच्या सुपरवायझरकडून कळलं होतं. मी मॅनेजरना म्हटलं, "साहेब, त्यांच्या घरच्यांना कळलंय, गावात कळलंय. आपण नाही म्हटलं तर उद्या आगीपेक्षा आपला खोटेपणा मोठा छापून येईल." ते गप्प राहिले, मग हो म्हणाले. आधी घरच्यांशी कंपनीचं बोलणं झाल्याची खात्री केली. मग प्रत्येक रिपोर्टरला तेच सांगितलं: "आग लागली हे खरं. दोन कामगार रुग्णालयात आहेत. कारण अजून माहीत नाही. साडेदहाला पुन्हा फोन करते." साडेदहाला माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं, तरी फोन केला आणि नवीन काही नाही, हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, पण जे घडलं तेवढीच. या व्यवसायात हे जुनंच आहे. १९०६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला तेव्हा जनसंपर्क व्यवसायाच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक, आयव्ही ली यांनी तो लपवण्याऐवजी पत्रकारांना घटनास्थळी नेलं होतं.

मॅनेजर त्या रात्री ऐकले, कारण त्याआधी मी अनेकदा शॉप फ्लोअरवर जाऊन बसले होते. मशीन काय करतं, कोणती शिफ्ट कधी सुटते, गेटवरचे सुरक्षारक्षक कोण, हे मला माहीत होतं. आपल्याच संस्थेत ज्याला खरी माहिती मिळत नाही, तो बाहेर काय सांगणार? म्हणून नवीन नोकरीत पहिला महिना आतल्या माणसांसाठी ठेवा.

काही गोष्टी मात्र कितीही मैत्री असली तरी द्यायच्या नाहीत. रुग्णाचं नाव, आजार, खोली, यातलं काहीही रुग्णाच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही. तो बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांना विचारायचं. मोठा माणूस भरती असला की फोनवर फोन येतात. सगळ्यांना एकच उत्तर द्या. एकाला हळूच सांगितलं की बाकीचे विसरत नाहीत. "छापू नका" म्हणायचं असेल तर बोलण्याआधी म्हणा आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच बोला.

शिक्षणाचं विचाराल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे, तिथली पदवी उपयोगी पडते. पण त्यासोबत वर्षभर तरी एखाद्या दैनिकात बातमीदारी करा, पैसे कमी मिळाले तरी. डेडलाइन काय असते ते तिथेच कळतं. मग रुग्णालय, महाविद्यालय किंवा छोटी एजन्सी बघा. पुण्या-मुंबईला जायचं असेल तर जा, पण इथली माणसं तोडून जाऊ नका. नोकरी सोडताना रिपोर्टरांना स्वतः फोन करून सांगा, तुमच्या जागी येणाऱ्याची ओळख करून द्या आणि जुन्या संस्थेबद्दल कोणी खोदून विचारलं तर तिथल्या नव्या पीआरओचा नंबर द्या.