पायकॉमलिंक: पाऊस सगळीकडे शून्यच येत होता

पायकॉमलिंक ही पायथन लायब्ररी. पावसाने मोबाइल टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह लिंकचा सिग्नल किती पडला, त्यावरून ती पाऊस काढते. डेटा स्वीडनमधल्या गोटेनबर्गचा, ओपनएमआरजी हा खुला संच (जून ते ऑगस्ट 2015, अशाच लिंकचा), ओपनसेन्स या ठरावीक फाइल-स्वरूपात. आलेखात सिग्नल 10 डीबीने पडलेला स्पष्ट दिसतोय, पण पाऊस मात्र ठणठणीत 0.

आधी ओल्या-कोरड्या वेळेची (पाऊस आहे की नाही हे ठरवणारी) मर्यादा सैल केली. मग ओल्या अँटेनाची दुरुस्ती (अँटेना भिजल्याने होणारी जादा घट वजा करणारी पायरी) काढून टाकली. काहीच फरक नाही. दोन संध्याकाळी गेल्या.

घोळ एककांचा होता. या स्वरूपात लांबी मीटरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये असते. सिग्नलच्या घटीवरून पाऊस काढणाऱ्या कॅल्क_आर_फ्रॉम_ए या फंक्शनला किलोमीटर आणि गिगाहर्ट्झ लागतात. फ्रिक्वेन्सी चुकली की एरर येते, म्हणून ती मी आधीच बदलली होती. लांबी चुकली तर कोणी हूं की चूं करत नाही. 4 किमीची लिंक 4000 किमीची झाली की पाऊस 0.1 मिमी/तासाच्या खाली जातो, आणि फंक्शन त्याचा सरळ शून्य करतं.

क्रम असा: आधी 255 आणि -99.9 या खोट्या नोंदी रिकाम्या करा. पाठवलेल्या पातळीतून मिळालेली वजा करा. 5 मिनिटांपर्यंतच्या फटी भरा. मग ओलं-कोरडं ठरवणं, बेसलाइन (पाऊस नसतानाची घटीची पातळी), ओल्या अँटेनाची दुरुस्ती. शेवटी लांबी आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही 1000 ने भागून पाऊस काढा.

18 गिगाहर्ट्झच्या, उभ्या ध्रुवीकरणाच्या (लहरी उभ्या दिशेत कंप पावतात अशा) त्याच 4 किमीच्या लिंकला त्याच 10 डीबीचे साधारण 30 मिमी/तास आले.